छोट्या आरोग्य संशोधन कंपन्यांसाठीचे विविधता पुरवणी अनुदान: एक परीक्षण

अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, अर्थात एनआयएच, ही संस्था छोट्या कंपन्यांना एसबीआयआर (स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च) आणि एसटीटीआर (स्मॉल बिझनेस टेक्नॉलॉजी ट्रान्स्फर) या योजनांतून संशोधनासाठी पैसे देत आली आहे. पहिली योजना १९८२च्या कायद्याने सुरू झाली, दुसरी १९९२मध्ये. कंपनीत पाचशेपेक्षा जास्त माणसे नसावीत, ही दोन्हींची अट. याच अनुदानांना जोडून, कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांतील संशोधकांना कामावर घेता यावे म्हणून एनआयएच पुरवणी अनुदान देत असे. जानेवारी २०२५मधील अध्यक्षीय आदेशांनंतर विविधतेच्या नावाने चालणाऱ्या अशा योजना गुंडाळण्यात आल्या. तरी या पुरवणी योजनेची रचना नीट तपासण्याजोगी आहे.

योजनेची सर्वांत जमेची बाजू म्हणजे तिने छोट्या कंपनीची खरी अडचण ओळखली होती. आठ-दहा जणांच्या कंपनीत प्रयोग करणाराच रसायनांची ऑर्डर देतो आणि संध्याकाळी अहवालही लिहितो. अशा ठिकाणी नवख्या माणसाला शिकवण्यासाठी ना वेळ असतो ना वेगळा पगार. पुरवणी अनुदानातून तो पगार मिळे, मात्र अर्जासोबत त्या व्यक्तीला कोण, काय आणि कसे शिकवणार याचा मार्गदर्शन आराखडा द्यावा लागे. अनुदानावर आधीच काम करणाऱ्याला नुसते या खात्यात वळवून मूळ अनुदानातले पैसे वाचवायचे, ही पळवाटही नियमांनी बंद केली होती. माझ्या मते संपूर्ण योजनेतला सर्वांत शहाणा नियम हाच.

पात्रतेबाबत अमेरिकेतल्या आपल्या लोकांत बराच गैरसमज होता. आशियाई वंशाचे लोक एनआयएचच्या कमी प्रतिनिधित्वाच्या वांशिक यादीत नव्हते, म्हणून ‘हे आपल्यासाठी नाहीच’ असे धरून चालले जाई. पण अपंगत्व आणि वंचित पार्श्वभूमी हे निकष वंशापलीकडचे होते. आई-वडिलांपैकी कोणीही पदवीधर नाही आणि स्वतः पेल ग्रँटसाठी (कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी शिक्षण मदतीसाठी) पात्र ठरलेली, अशी न्यू जर्सीतील मराठी घरातली मुलगी वंचित पार्श्वभूमीच्या दोन कसोट्यांत बसत असे, आणि ती पार्श्वभूमी मान्य होण्यासाठी दोन कसोट्या पुरेशा होत्या. अडायचे ते नागरिकत्वाच्या अटीवर. उमेदवार अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावा लागे. एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आलेल्यांना दार बंदच होते. पैसा करदात्यांचा असल्याने ही अट समजण्यासारखी आहे, पण छोट्या बायोटेक कंपन्यांत परदेशातून आलेले संशोधक किती असतात हे ठाऊक असणाऱ्याला ती खटकल्याशिवाय राहत नाही.

खरी गोम वेळापत्रकात होती. पुरवणी अनुदान स्वतंत्र नसे. चालू असलेल्या मूळ अनुदानाच्या मुदतीत आणि त्याच्याच विषयाच्या चौकटीत ते बसवावे लागे. फेज एकचे, म्हणजे कल्पना चालते का हे पाहण्याच्या पहिल्या टप्प्याचे, अनुदान साधारण सहा महिने ते वर्षभराचे. उमेदवार शोधून, आराखडा लिहून, अर्ज मंजूर होईपर्यंत त्यातले बरेचसे दिवस संपून गेलेले असत, त्यामुळे प्रत्यक्षात ही सोय दोनेक वर्षांच्या फेज दोनलाच, म्हणजे पुढच्या टप्प्यालाच, शोभणारी होती. अर्ज बाहेरच्या तज्ज्ञ समितीकडे न जाता संस्थेचे अधिकारीच तपासत, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट. पण एनआयएचमधल्या प्रत्येक संस्थेचे नियम आणि मुदती वेगळ्या, त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी संबंधित कार्यक्रम अधिकाऱ्याशी बोलून घेणे शहाणपणाचे होते.

ज्या कंपनीकडे मनुष्यबळ विभाग आणि अनुदानांचा हिशेब पाहणारा वेगळा माणूस आहे, तिला हे सगळे सहज जमले असते. पण योजना काढली होती ती जिच्याकडे या दोन्ही गोष्टी नाहीत तिच्यासाठी. शिवाय नेमणूक मूळ अनुदानाला बांधलेली असल्याने ते संपले की पगाराची जबाबदारी कंपनीवरच येई, आणि तयार झालेला माणूस टिकवून ठेवण्यासाठी या पुरवणीतून पुढे काहीच मिळत नसे.