महारेरा एजंट नोंदणी: स्वतःच्या नावावर की फर्मच्या?

नोंदणीकृत प्रकल्पांतली घरं विकून देणाऱ्या एजंटला महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी करावी लागते. 20 तासांचं प्रशिक्षण आणि आयबीपीएस या संस्थेची परीक्षा दोन्ही वाटांवर सारखीच आहे. खरा प्रश्न त्यानंतरचा: अर्ज कोणाच्या नावावर करायचा? व्यक्तीसाठी शुल्क 10 हजार रुपये, तर भागीदारी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा कंपनीसाठी 1 लाख. नोंदणी पाच वर्षांची, म्हणजे वर्षाला 2 हजार विरुद्ध 20 हजार. चालत्या फर्मला हा फरक फारसा जड जाऊ नये. मी वैयक्तिक नोंदणी घेतली ती कागदांच्या कटकटीमुळे.

व्यक्तीच्या अर्जात एकाच माणसाचा पॅन, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं (विवरणपत्र लागू नसेल तर तसं घोषणापत्र) लागतात. फर्मच्या अर्जात प्रत्येक भागीदाराची माहिती, भागीदारी पत्र, प्रत्येकावरच्या चालू खटल्यांचा तपशील, हे सगळं वाढतं. स्वतःवरच्या चालू खटल्याचा तपशील व्यक्तीलाही द्यावा लागतो; लेटरहेड आणि रबरी शिक्क्याचा नमुनाही दोघांना लागतो.

अडतं ते नावात. पॅनवर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, आधारवर पूर्ण नाव, भागीदारी पत्रात आडनाव आधी. एकाच माणसाचं असेल तर पॅन दुरुस्त करून मग अर्ज भरता येतो. तीन भागीदार असले की यातलं काहीतरी कुठेतरी हमखास राहतं, आणि महारेराकडून शंका आली की एकाच्या आद्याक्षरापायी सगळ्यांचा अर्ज थांबतो. भागीदार बदलला तर तेच पुन्हा: सुधारित भागीदारी पत्र, फर्म निबंधकाकडे नोंद, जीएसटीत बदल, मग महारेराच्या पोर्टलवर.

शिवाय परीक्षेचं प्रमाणपत्र फर्मचं नसतं, माणसाचं असतं. ग्राहकांशी बोलणारा मुलगा नोकरी सोडून गेला की तेही त्याच्याबरोबर जातं. त्याच्या जागी आलेल्याने प्रशिक्षण आणि परीक्षा पूर्ण करेपर्यंत त्याला साइटवर ग्राहकासमोर उभं करू नये. एकट्या एजंटनेही मदतनीस ठेवला तर हेच पाळावं. पण निदान मुख्य प्रमाणपत्र एजंटच्या स्वतःजवळ असतं.

फर्मची बाजूही लंगडी नाही. ब्रोकरेज दोघा-तिघांत वाटायचं असेल, तर सगळं बिल एकाच्या पॅनवर घेऊन नंतर वाटप करणं गैरसोयीचं आहे, कारण टीडीएस त्याच्याच नावावर कापला जातो. भागीदार आधीपासून पक्के असतील आणि माणसं टिकत असतील, तर 1 लाख भरून मोकळं व्हावं. फक्त भाड्याची किंवा जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीची कामं करणाऱ्याने मात्र आधी पाहावं की आपल्याला नोंदणी लागते का. रेरा कायद्याचं कलम 9 नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीबद्दल आहे.

वैयक्तिक वाटेची एक किंमत आहे. पुढे कंपनी काढली तर हा क्रमांक तिच्या नावावर चढत नाही. नवा अर्ज, पूर्ण शुल्क. अशा वेळी चालू बुकिंग जुन्या क्रमांकावरच पुरी करावीत, कारण प्रत्येक विक्रीत एजंटचा क्रमांक द्यावा लागतो आणि ब्रोकरेजचं बिल त्याच नावाचं असलेलं बरं. कंपनीचा क्रमांक हाती येईपर्यंत तिच्या नावाने एकही बुकिंग घेऊ नये. विनानोंदणी व्यवहाराला कायद्यात दिवसाला 10 हजार रुपये दंड आहे, मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत.