दोन बेडरूमचं भाड्याचं घर, कलाकारांच्या वस्तीत: दहा महिन्यांनंतर

घर शोधत असताना मी असे अनुभव खूप वाचले होते. बहुतेक पहिल्या आठवड्यातले, म्हणजे खोकीसुद्धा न उघडलेल्या माणसांचे. मला आता दहा महिने झालेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तिसरा मजला, दोन बेडरूम, मी आणि मैत्रीण, भाडं निम्मं-निम्मं. मोठी खोली तिने घेतली, छोटी मी मागून घेतली. मी चित्रं काढते आणि छोटीला उत्तरेची खिडकी आहे. थेट ऊन येत नाही, त्यामुळे कागदावरचा रंग सकाळी जसा दिसतो तसाच दुपारीही दिसतो. दाखवणारा मात्र ‘ही जरा अंधारी आहे’ म्हणून ओशाळत होता.

आमची मोठी चूक एकच. घर बघायला गेलो सकाळी दहाला. कलाकारांची वस्ती सकाळी दहाला झोपलेली असते! इतकी शांत जागा शहरात मिळाली म्हणून आम्ही खूश. पहिल्याच रात्री पलीकडच्या घरात बेस गिटार सुरू झाली.

आवाज कानाला फारसा लागत नाही, पण मांडणीवर शेजारी-शेजारी ठेवलेले दोन कप एका ठरावीक सुराला एकमेकांवर किणकिणतात. बाकी सुरांना गप्प. तो सूर कधी येणार याची वाट बघत मी जागी राहायला लागले. मग भिंतीला फोमचे तुकडे चिकटवले आणि पैसे वाया घालवले. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, पलीकडचा आवाज अडवत नाही. आवाज अडवायला वजन लागतं, आणि खर्जापुढे वजनही थिटं पडतं: ढोबळमानाने वारंवारता निम्मी झाली की भिंतीची अडवण्याची ताकद 6 डेसिबलने घटते. बेसची सर्वांत जाड तार सुमारे 41 हर्ट्झची. तिच्यापुढे आमची भिंत म्हणजे पडदाच. शेवटी दार वाजवलं. तो बिचारा इतका वरमला की मलाच वाईट वाटलं. त्याने स्पीकर जमिनीवरून उचलून जाड रबरावर ठेवला, रात्री दहानंतर हेडफोन लावायचं कबूल केलं. अर्धा त्रास त्या रबरानेच गेला.

दुसरी गोष्ट विनोदाची नाही. खालच्या मजल्यावर तैलरंगात काम करणाऱ्या बाई आहेत. जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात त्यांच्या तेलकट चिंध्यांचे बोळे असायचे. जवसाचं तेल नुसतं उडून वाळत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. बोळ्यात ती कोंडली तर चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. बाईंना हे माहीत होतं, त्यांच्या मदतनीस मुलाला नव्हतं. आता चिंध्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जातात. अशा इमारतीत घर बघायला गेलात तर स्वयंपाकघराच्या आधी जिन्याखाली डोकवा.

ओल: मोठ्या खोलीत कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं, मागे बुरशी आली. चार बोटं पुढे ओढल्यावर हवा खेळायला लागली, परत आली नाही. मालकांचं म्हणणं, भिंत आम्ही रंगवून द्यायची. पण राहायला आलो त्या दिवशी मी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून त्यांना पाठवले होते आणि त्या जागेवर जुना डाग स्पष्ट दिसत होता. विषय तिथेच मिटला.

बाकी शेजार म्हणाल तर जिन्यातल्या फलकावर पाणी बंद असल्याची एक सूचना लागली की संध्याकाळपर्यंत तिच्याखाली चार-पाच भाषांत, चार-पाच हस्ताक्षरांत तीच सूचना उमटते. एकदा त्यातल्या एका भाषांतरात ‘दहा’चे ‘दोन’ झाले आणि अर्ध्या इमारतीने बादल्या भरल्याच नाहीत. आमच्याकडे पाणी होतं, त्या दिवशी सगळ्यांशी ओळख झाली.

आता करार संपत आलाय आणि मालक भाडं वाढवतायत. कारण काय, तर वस्तीला ‘कलेचं वातावरण’ आहे. ज्यांच्यामुळे आहे त्या खालच्या बाई वाढीव भाडं परवडत नाही म्हणून घर सोडतायत. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1964 मध्ये लंडनच्या कामगार वस्त्यांत सुखवस्तू लोक येऊन मूळचे लोक बाहेर कसे ढकलले जातात ते पाहून त्याला ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द दिला होता. आम्ही दोघी या गोष्टीत नक्की कुठल्या बाजूच्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वाढीव भाडं आम्ही देतोय, म्हणजे बहुधा ढकलणाऱ्यांतल्याच.

घर पाचपैकी चार. एक गुण भिंतीचा कापला. कपांच्या मध्ये मी आता फडक्याची घडी ठेवते.