दाक्षिणात्य किराणा की उडुपी हॉटेल?

नाशिकरोडला राहायला आलेली मैत्रीण विचारते: इडली-डोशासाठी दाक्षिणात्य मालाचं दुकान गाठू, की सरळ हॉटेलात जाऊ?

खर्चात दुकानच परवडतं. उकडा तांदूळ नि उडीद डाळ आणली की अख्खं घर पोटभर खातं. मेहनत मात्र आहे. चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद, भिजवणं, वाटणं. त्यात नाशिकच्या थंडीत पीठ रात्रभरात फुगतच नाही, डबा गोधडीत गुंडाळून ठेवावा लागतो. हॉटेलात बसल्याजागी गरमागरम मिळतं. आणि डोसा तिथलाच! त्या जाड, तापलेल्या तव्याची सर घरच्या गॅसला नाही. फिल्टर कॉफी घरचीच. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती, ते आपण ठरवतो.

घरात चार माणसं नि रोजचा नाश्ता असेल तर दुकान. एकटी असशील किंवा डोशाचीच तल्लफ आली, तर हॉटेल.