वार्षिक लेन्स सोडून सात महिने झाले

तीन वर्षं मी वार्षिक मुदतीच्या सॉफ्ट लेन्स वापरल्या. एक जोडी घेतली की वर्षभर खर्च नाही, एवढाच हिशेब. नंबर उणे साडेचार. सकाळी आठला लावायच्या, रात्री अकराला काढायच्या, दुपारी डुलकी लागली तर तशाच डोळ्यांत. गेल्या पावसाळ्यात डोळे लाल व्हायला लागले, संध्याकाळी दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायला लागली. मी खापर लेन्स धुवायच्या सोल्यूशनवर फोडलं. दुकानदाराशी भांडून बाटली बदलून घेतली. दोष सोल्यूशनचा नव्हताच, त्या भांडणाचं आता वाईट वाटतं.

डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, फोटो काढून दाखवला. कॉर्नियात, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यात, रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो काचेसारखा आरपार. माझ्या उजव्या डोळ्यात वरच्या कडेने तीन बारीक लाल रेघा आत आल्या होत्या, फरशीच्या सांध्यात पिंपळाची मुळी शिरावी तशा. कॉर्निया आपला प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंवाटे घेतो. वर लेन्स बसली की जेवढा तिच्यातून झिरपेल तेवढाच. कमी पडला की तो पाणी धरून सुजतो (ती कडी त्याचीच), आणि हे वर्षानुवर्षं चाललं की कडेच्या रक्तवाहिन्या आत सरकतात. उणे नंबरची लेन्स कडेलाच जाड असते, म्हणजे प्राणवायू तिथेच कमी झिरपतो, हेही तेव्हाच कळलं.

माझा खरा राग खोक्यावर आहे. त्यावर नंबर, वक्रता, व्यास, मुदत, सगळं छापलेलं. लेन्समधून प्राणवायू किती जातो तो डीके बाय टीचा आकडा मात्र नाही! होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी १९८४ मध्येच मांडून ठेवलंय: दिवसा वापरायला हा आकडा साधारण २४ हवा, लावून झोपायचं तर ८७. दुकानात चार वेळा विचारलं. उत्तर एकच, ‘मॅडम, क्वालिटी चांगली आहे.’

आता प्राणवायू जास्त जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या मासिक लेन्स घेते, आकडा शंभराच्या वर. खर्च तिप्पट. पहिले पंधरा दिवस कडक वाटल्या, टोचल्या, पैसे वाया गेले असंच वाटलं. महिन्याभरात मत बदललं: संध्याकाळची कडी गेली, डोळे पांढरे राहतात. पण प्राणवायू वाढला म्हणून जंतुसंसर्ग टळत नाही, तेव्हा झोपताना काढतेच. आणि डबीला नळाचं पाणी लावत नाही, त्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव कॉर्निया पोखरतो.

सहा महिन्यांच्या तपासणीत त्या तीन रेघांतलं रक्त ओसरलं होतं. रिकाम्या नळ्या मात्र तिथेच आहेत, फिकट पांढऱ्या. डॉक्टर म्हणाले, त्या आता राहणारच. प्राणवायू पुन्हा कमी पडला तर रक्त त्याच वाटेने परत येईल.