सिरिंज पंप की दाब-नियंत्रक?

द्रव खेळवायच्या छोट्या चिपमधल्या केसाएवढ्या रुंद चॅनेलमधून मिनिटाला एखादा मायक्रोलिटर द्रव सोडायचा, तर बहुतेक जण आधी सिरिंज पंपाकडे वळतात. प्रवाहाचा आकडा भरला की मोटर दट्ट्या तेवढ्याच वेगाने ढकलते. चॅनेलचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा किती, हे मोजावं लागत नाही. खरी अडचण अगदी कमी प्रवाहात दिसते. स्टेपर मोटर टप्प्याटप्प्याने फिरते आणि तेच हिसके प्रवाहात उतरतात. एकसारख्या आकाराचे थेंब हवे असतील तर हे फार नडतं. अशा वेळी बारीक व्यासाची सिरिंज घेतली की बराच फरक पडतो. शिवाय नळ्या आणि सिलिकोन रबराची चिप दाबाखाली फुगतात, त्यामुळे वेग बदलल्यावर प्रवाह स्थिरावायला कित्येक मिनिटं लागू शकतात. चॅनेल तुंबला तरी दट्ट्या रेटतच राहतो. दाब वाढत जातो आणि कुठलातरी जोड सुटतो.

दाब-नियंत्रक बाटलीतल्या द्रवावर हवेचा दाब देतो. प्रतिसाद सेकंदाच्या आत मिळतो, हिसके जवळजवळ नसतात. मात्र प्रवाह रोधावर ठरतो: रुंद, उथळ चॅनेलची उंची निम्मी झाली की रोध सुमारे ८ पट. म्हणून नेमका प्रवाह हवा असेल तर प्रवाहमापक जोडावाच लागतो. बाटल्यांची पातळीही सांभाळा. पाण्याच्या उंचीत १ सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे १ मिलिबार.

थेंब बनवायला किंवा पेशी जागच्या जागी थांबवायला मी दाबच निवडेन. ठरावीक मात्रा तासन्‌तास सोडायची असेल, तर सिरिंज पंप पुरेसा आहे, आणि सहसा स्वस्तही.