घड्याळ, वही आणि फीत: कॉलेजचे रिसीव्हर मोजायच्या साधनांची झाडाझडती

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, म्हणजे एनएफएलचे, संघ ड्राफ्टमध्ये कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडतात. 2016 च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटा वायकिंग्जनी पहिल्या फेरीत, 23व्या क्रमांकावर, लक्वॉन ट्रेडवेल हा रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला पास झेलणारा खेळाडू, घेतला. आदल्या हंगामात ओल मिस या कॉलेजकडून त्याचे 82 झेल, त्यांतून पुढे सरकवलेले 1,153 यार्ड आणि 11 टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) होते. एनएफएलच्या पहिल्या अख्ख्या हंगामात त्याच्या नावावर झेल लागला एक, 15 यार्डांचा. त्याच ड्राफ्टमध्ये 47व्या क्रमांकावर न्यू ऑर्लीन्सने उचललेल्या मायकेल थॉमसने पहिल्याच वर्षी 92 झेल घेतले.

अशी चूक टाळण्यासाठी आज बरीच साधनं बाजारात आहेत. काही फुकट आहेत, काही पैसे घेऊन मिळतात. डायनॅस्टी लीग (खेळाडू वर्षानुवर्षं राखून ठेवायची फँटसी स्पर्धा) खेळणारे किंवा एप्रिलचा ड्राफ्ट नेमाने पाहणारे यांतलं एखादं तरी वापरतातच. पण कोणतं साधन नेमकं काय मोजतं हे माहीत नसलं, की तराजूने उंची मोजल्यासारखं होतं.

आधी एक गोष्ट. कॉलेजचे आकडे फसवतात याला खेळाडू जबाबदार नसतो, मैदान आणि नियम असतात. मैदान दोन्हीकडे 160 फूट रुंद. पण कॉलेजात हॅश मार्क, म्हणजे चेंडू ठेवायची हद्द दाखवणाऱ्या खुणांच्या दोन ओळी, एकमेकांपासून 40 फुटांवर असतात आणि एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांवर. चेंडू एका हॅशवर ठेवला, की कॉलेजात मोठ्या बाजूला 100 फूट मोकळं रान मिळतं. व्यावसायिक मैदानावर तेच 89 फुटांच्या आसपास. त्या जादा 11 फुटांत स्लॉट रिसीव्हर, म्हणजे बाहेरच्या रिसीव्हरच्या आतल्या बाजूला उभा राहणारा, मोकळा दिसतो. दुसरं म्हणजे, पास फेकला जाण्याआधी कॉलेजात लाइनमनला (क्वार्टरबॅकसमोर उभं राहून अडवणाऱ्याला) 3 यार्ड पुढे जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये 1 यार्ड. म्हणून कॉलेजात आरपीओचा, म्हणजे धाव की पास हे ऐनवेळी ठरवायच्या खेळीचा, सुळसुळाट असतो. लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) धावेच्या हुलीला फसून पुढे येतो आणि त्याच्या पाठीमागे फुकटचा स्लँट, म्हणजे तिरकं आत धावून घेतलेला पास, मिळतो. असे झेल वजा केल्यावर काय उरतं, तेच पाहायचं. तिसरं, कॉलेजात एक पाय आत पडला की झेल पूर्ण, एनएफएलमध्ये दोन्ही पाय लागतात. साइडलाइनवरचे देखणे झेल पाहताना दुसरा पाय कुठे पडला, हे थांबवून बघा.

आता साधनं. सगळ्यात गाजावाजा कंबाइनचा, म्हणजे ड्राफ्टआधी खेळाडूंची मापं घेणाऱ्या चाचणीचा. 1987 पासून ही चाचणी इंडियानापोलिसला होते आणि टीव्हीवर मुख्य आकर्षण असतं 40 यार्डांची धाव, म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्यांहून थोडं कमी अंतर. गंमत अशी, की सुरुवातीचं बटण माणूस दाबतो, खेळाडू हलला की, आणि शेवटची नोंद किरणयंत्र घेतं. दोन शतांश सेकंदांवरून वाद घालणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. कॉलेजच्या आवारात होणाऱ्या प्रो डेची वेळ तर हातातल्या घड्याळावरची. ती जवळपास नेहमीच थोडी सुखद निघते. दोन्ही वेळा एका रकान्यात लिहू नका.

2017 चा ड्राफ्ट हे या साधनाचं प्रगतिपुस्तक. जॉन रॉस 4.22 सेकंदांत धावला, तेव्हाचा विक्रम, आणि सिनसिनाटीने त्याला 9वा घेतला. त्याचा सर्वोत्तम हंगाम 2019 चा, 506 यार्ड. त्याच वर्षी ईस्टर्न वॉशिंग्टनचा कूपर कप 4.62 मध्ये धावला आणि 69व्या क्रमांकापर्यंत घसरला. कपने 2021 मध्ये 145 झेल, 1,947 यार्ड आणि 16 टचडाउन करून तिन्ही यादींत पहिला नंबर पटकावला, वर सुपर बोल या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. रॉसच्या वाट्याला दुखापतीही आल्या, हे मान्य. पण घड्याळ ज्या प्रश्नाचं उत्तर देतं, तो प्रश्न सामन्यात क्वचितच विचारला जातो: समोर कोणी नसताना, सरळ रेषेत, ठरलेल्या क्षणी किती जोरात धावतोस?

म्हणजे घड्याळ फेकून द्यायचं का? नाही. ते दारावरचा पहारेकरी म्हणून ठीक आहे. 4.6 च्या पलीकडे गेलेल्याकडे कपसारखं दुसरं काहीतरी भक्कम हवं, एवढंच ते सांगतं. रिसीव्हरसाठी त्याहून कामाचा आकडा पहिल्या 10 यार्डांचा; दीड सेकंदाच्या आसपास असेल तर उत्तम. आणि वजनाशिवाय वेळ वाचू नका. झेवियर वर्दीचा 2024 चा 4.21 हा विक्रम 165 पौंडांच्या, म्हणजे जेमतेम 75 किलोच्या अंगाचा आहे.

कंबाइनमधलं दुर्लक्षित रत्न म्हणजे थ्री-कोन. इंग्रजी एल आकारात 5-5 यार्डांवर तीन शंकू, त्यांभोवती वळसे. जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाने 2023 मध्ये ते 6.57 सेकंदांत केलं. डीके मेटकाफला 2019 मध्ये 7.38 लागले होते. सव्वासहा फुटी, 228 पौंडांचा मेटकाफ 4.33 मध्ये धावूनही त्या एका आकड्यापायी बदनाम झाला आणि दुसऱ्या फेरीच्या शेवटी, 64वा गेला. पहिल्या दोन हंगामांत त्याने 900 आणि 1,303 यार्ड केले. चूक आकड्याची नव्हती, वाचणाऱ्यांची होती. थ्री-कोन सांगतं, की या माणसाला कोणते रूट (धावण्याचे ठरवून दिलेले मार्ग) देऊ नका. सीअ‍ॅटलने त्याला मुख्यतः सरळ धावायला, स्लँट आणि कमबॅक (पुढे जाऊन मागे वळणं) करायला लावलं. वळणावळणाच्या गल्लीत पाठवलं नाही.

कंबाइनची मोठी उणीव वेगळीच आहे. ज्यांच्यावर सर्वांत जास्त पैसे लागणार, ते अनेकदा धावतच नाहीत. 2024 मध्ये चौथा गेलेला मार्विन हॅरिसन ज्युनियर तिथे धावलाच नाही. पाचपैकी दोन तारे, आणि त्यांतलाही एक थ्री-कोनचा.

या सगळ्या मापांची 0 ते 10 मध्ये गोळाबेरीज करणारा आरएएस नावाचा गुण केंट ली प्लॅट फुकट पुरवतात. एका नजरेत अंगकाठी कळते. पण उंची, वजन, उडी आणि धाव एकाच भांड्यात घातल्यावर मिसळीची चव तर्रीची की फरसाणाची, ते सांगता येत नाही. सुटे आकडेच पाहा.

वहीतली साधनं जरा जास्त विश्वासाची. पहिलं, हिस्सा, ज्याला डॉमिनेटर म्हणतात: संघाच्या पासिंग यार्डांतले किती टक्के आणि टचडाउनमधले किती टक्के या खेळाडूचे, आणि त्या दोघांची सरासरी. संघाचे 3,000 यार्ड, 24 टचडाउन आणि याचे 1,000 व 8, तर हिस्सा 33 टक्के. ठरावीक टक्का ज्या वयात पहिल्यांदा गाठला, ते ब्रेकआउट वय. काही 20 टक्के धरतात, काही 30. दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवण्याआधी कोणाची रेघ कुठे आहे ते बघा. तर्क सरळ आहे: 19 व्या वर्षी 22 वर्षांच्या गड्यांना मात देणारा पुढेही देण्याची शक्यता जास्त.

इथे दोन खाचखळगे. एक, वयाची चोरी. कोरोनामुळे 2020 चा हंगाम खेळाडूंच्या पात्रतेत धरला गेला नाही, त्यामुळे नंतर काही वर्षं 23-24 वर्षांचे घोडे 19 च्या पोरांवर यार्ड लुटत होते. सीनियर, ज्युनियर हे कॉलेजातल्या वर्षांचे शब्द विसरा, जन्मतारीख शोधा. दोन, गर्दी. ओहायो स्टेटच्या 2021 च्या संघात गॅरेट विल्सन, ख्रिस ओलाव्हे आणि स्मिथ-एन्जिग्बा एकत्र होते. पहिले दोघे पुढच्या ड्राफ्टमध्ये 10वे आणि 11वे गेले. अशा घरात प्रत्येकाच्या ताटात कमीच पडतं. तरीही 1,606 यार्ड स्मिथ-एन्जिग्बाचे होते, त्या दोघांपेक्षा जास्त. 2022 मध्ये दुखापतीने 5 झेलांवर थांबावं लागलं तरी तो पुरावा पुसला जात नव्हता.

हिस्सा साफ चुकला तो टेरी मॅक्लॉरिनच्या बाबतीत. 2018 मध्ये ओहायो स्टेटच्या ड्वेन हॅस्किन्सने 4,831 यार्ड फेकले, मॅक्लॉरिनचे 701, म्हणजे जेमतेम सातवा भाग; शिवाय वय 23 ला टेकलेलं. वहीप्रमाणे हा माणूस नापास. वॉशिंग्टनने 76वा घेतला आणि पुढे 2020 ते 2024 सलग पाच हंगाम तो हजार यार्डांच्या वर राहिला. मजा अशी, की इथे नावं ठेवलेल्या घड्याळानेच इशारा दिला होता: 4.35. जॉर्जियाचा लॅड मकॉन्की हाही त्याच जातीचा. 2023 मध्ये 30 झेल, 478 यार्ड. चार्जर्सकडे पहिल्या वर्षी 1,149.

म्हणून तिसरं साधन: यार्ड प्रति रूट, जे पीएफएफ ही विश्लेषण संस्था सशुल्क पुरवते. खेळाडू जितक्या पास-खेळांत रूट धावला, तितक्यांनी यार्ड भागायचे. 400 रूट, 1,000 यार्ड, उत्तर 2.5. कॉलेजात 3 च्या वर गेलेला बहुधा खरा असतो, 2 च्या खालचा संशयित. दुखापतीने हंगाम अर्धा गेलेल्यांना हा आकडा न्याय देतो. पुका नाकुआचंच बघा: ब्रिगम यंगकडून 2022 मध्ये 9 सामने, 48 झेल, 625 यार्ड. एकूण बेरीज पाहणाऱ्यांनी पान उलटलं आणि तो 177वा गेला. रॅम्सकडे पहिल्याच वर्षी 105 झेल, 1,486 यार्ड, दोन्ही तेव्हाचे नवख्यांचे विक्रम. पैसे भरलेच असतील तर नुसता एकूण आकडा घेऊन उठू नका. स्क्रीन पास (अडवणाऱ्यांच्या आडोशाने दिलेले आखूड पास) वगळा, मॅन कव्हरेजविरुद्धचा (एका रिसीव्हरमागे एक बचावपटू) आकडा वेगळा काढा आणि तो 60-70 रूटांहून कमी असेल तर त्यावर इमला बांधू नका. चार तारे.

यातल्या कशातच ट्रेडवेलची खोट सापडत नाही. वय कमी, हिस्सा चांगला. तसाच 2019 मध्ये न्यू इंग्लंडने 32वा घेतलेला एन्कील हॅरी. त्याच्यानंतर डीबो सॅम्युअल, ए. जे. ब्राऊन, मेटकाफ आणि मॅक्लॉरिन गेले. दोघांचं कॉलेजातलं बलस्थान एकच: बचावपटू अंगाला चिकटलेला असताना वरून चेंडू हिसकावणं. टीव्हीवर ते शौर्य दिसतं. खरा प्रश्न असा, की तो अंगाला चिकटलेलाच का होता?

याचं उत्तर फीत, म्हणजे सामन्याचं चित्रण, देते. मॅट हार्मन यांची रिसेप्शन पर्सेप्शन ही सेवा इथे सगळ्यांत उपयोगी. चेंडू त्याच्याकडे आला की नाही हे बाजूला ठेवून, निवडक सामन्यांतल्या प्रत्येक रूटवर रिसीव्हर सुटला की नाही याची नोंद केली जाते. मॅन, झोन (जागा वाटून घेतलेला बचाव) आणि प्रेस (सुरुवातीलाच अंगाशी भिडून केलेला बचाव) यांचे यशाचे टक्के वेगळे, स्लँट, डिग, आउट, कमबॅक, पोस्ट या रूटांचे वेगळे. वाईट क्वार्टरबॅकचा दोष रिसीव्हरच्या माथी येत नाही. मर्यादा दोन: एकाच जोडी डोळ्यांचा निवाडा, आणि मागच्या फेऱ्यांतला प्रत्येक खेळाडू यादीत नसतो. जो नसेल त्याची वही स्वतः घालावी लागते.

ती अशी घाला. चार-पाच सामने निवडा, त्यांतले दोन तरी तगड्या कॉर्नरबॅकविरुद्धचे (रिसीव्हरला रोखणारा बचावपटू). प्रत्येक पास-खेळासाठी पाच रकाने: उभा कुठे (लाइनवर बाहेर, लाइनच्या मागे बाहेर, स्लॉट), समोर प्रेस आहे की 7 यार्डांची मोकळीक, मॅन की झोन, रूट कोणता, सुटला का. अडचण कॅमेऱ्याची. प्रक्षेपणात कॅमेरा चेंडूमागे जातो आणि रिसीव्हर 10 यार्डांवर चौकटीबाहेर. बावीसही खेळाडू दाखवणारी कॉलेजची फीत सामान्य प्रेक्षकाला सहज मिळत नाही. मग उरतं ते रीप्ले आणि पहिले 5 यार्ड, आणि तेवढ्यातही बरंच कळतं. प्रेसविरुद्ध पहिलं पाऊल पुढे पडतं की जागच्या जागी थयथयाट होतो? बचावपटूचा हात छातीवर आल्यावर रिसीव्हर तो झटकतो, की अंगावर घेऊन रेटत जातो? ट्रेडवेल दुसऱ्या जातीतला.

मग वळण. कमबॅक म्हणजे साधारण 15 यार्ड जाऊन 12 वर परत. थांबायला किती पावलं लागली ती मोजा. तीन लागली तर कंबर खाली जाते आणि बचावपटू पुढे घसरतो. पाच-सहा लागली, खांदे आधीच उचलले गेले, तर समोरच्याला तारच पोचली म्हणायची. हे एकदा पाहायची सवय लागली, की पाच सामने पुरतात.

फितीबरोबर जागाही लिहा, पण एकाच वर्षाची नको. 2020 मध्ये फिलाडेल्फियाने 21वा जेलन रीगर घेतला आणि पुढच्याच क्रमांकावर वायकिंग्जना जस्टिन जेफरसन मिळाला. जेफरसनबद्दलची शंका होती, ‘हा फक्त स्लॉटचा’. एलएसयू या कॉलेजच्या 2019 च्या संघात 111 झेल आणि 1,540 यार्ड करताना तो बहुतांश स्लॉटमध्ये होता, हे खरंच. पण 2018 मध्ये तोच बाहेर उभा राहून 875 यार्ड करून गेला होता. एक वर्ष मागची फीत लावली असती तर शंका तिथेच मिटली असती. व्यावसायिक म्हणून पहिल्याच वर्षी त्याने 1,400 यार्ड केले.

फितीला पर्याय म्हणून अनेक जण अलाबामातल्या मोबाइल शहरात होणाऱ्या सीनियर बोल या प्रदर्शनी सामन्याच्या सरावातली एकास एक झुंज पाहतात. ती फुकट आणि भरपूर मिळते, पण रिसीव्हरच्या बाजूने झुकलेली असते: मागे सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) नाही, क्वार्टरबॅकवर चाल करून येणारं कोणी नाही, वेळ हवा तेवढा. तिथे कोण जिंकला हे मोजू नका. बचावपटूचा हात लागल्यावर रूट किती यार्ड बाजूला सरकला ते पाहा. दोन यार्ड सरकला असेल, तर एनएफएलमध्ये चेंडू केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो.