पुढचं प्रदर्शन कशाचं ठेवायचं: जलरंग, छापचित्रं की व्हिडिओ?

छोट्या दालनाचं वर्षभराचं वेळापत्रक लावताना चित्रकार कोण, हा प्रश्न नंतरचा. भिंत किती, ओल किती आणि महिना कोणता, हे आधी बघावं. कोल्हापुरात तर महिनाच निम्मा निर्णय करून टाकतो. इथे 15 बाय 20 फुटांचं दालन धरलंय. दार, खिडक्या आणि टेबलाची जागा सोडली तर चित्रं लावायला साधारण 40 फूट भिंत मिळते.

जलरंगाला इथे प्रेक्षक आयता आहे. इथले जुने निसर्गचित्रकार आबालाल रहमान यांच्यापासून कोल्हापूरची नजर निसर्गचित्रांवर पोसलेली आहे. लोक चित्रापुढे थांबतात, वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा हात) कुठे ओला असताना सोडलाय यावर बोलतात. पण तिन्हींत हेच काम सगळ्यात नाजूक. 22 बाय 30 इंचांचा पूर्ण कागद, भोवती 4 इंच माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट), म्हणजे फ्रेम 30 बाय 38 होते. दोन फ्रेममध्ये फूटभर अंतर ठेवलं तर 40 फुटांत आडवी 9 चित्रं बसतात. दहावं कोंबू नये. 3 मिलिमीटरच्या काचेचं वजनच एका फ्रेमला साडेपाच किलो भरतं. 2 मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक घेतलं तर ते पावणेदोन किलोवर येतं, पण त्यावर ओरखडे चटकन उठतात. शिवाय पुसताना त्यात स्थिर वीज साठते आणि भुकटी वर ओढली जाते. म्हणून कोळशाच्या, पेस्टलच्या किंवा अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्यामुळे इथे ओळखीच्या झालेल्या पावडर शेडिंगच्या (कागदावर कोरडी भुकटी घासून केलेल्या) कामाला काचच हवी.

बिघडतं ते बहुतेक फ्रेमच्या आत. कागद दमट हवेत फुगतो. चारही कडांनी चिकटवला असेल तर त्याला पसरायला जागा उरत नाही आणि मधोमध लाटा येतात. तो फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, पातळ जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने टांगावा. सेलोटेप नकोच, त्याचा पिवळा डाग पुढे निघत नाही. माउंट आम्लमुक्त हवं, नाहीतर काही वर्षांत कापलेल्या कडेलगत तपकिरी रेघ उमटते. काच कागदाला टेकली तर पावसाळ्यात आत बाष्प धरतं, मग बुरशी. माउंट असतं ते दिसण्याइतकंच या अंतरासाठी. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावले की भिंतीशी हवा खेळती राहते. पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीवर कागदाचं काम टांगूच नये. प्रकाश 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवावा. तैलचित्राला 200 चालतो, जलरंगातला अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल रंग मात्र जास्त प्रकाशात उडतो.

खिळ्याची उंची अंदाजाने ठरवू नये. चित्राचा मध्य जमिनीपासून 60 इंचांवर धरायचा. त्यात फ्रेमची निम्मी उंची मिळवायची आणि तार ताणल्यावर तिचा मध्य फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितका खाली राहतो, तेवढं वजा करायचं. 30 इंच उंचीच्या फ्रेमला, तार 3 इंच खाली असेल तर, 60 अधिक 15 वजा 3: खिळा 72 इंचांवर.

पहिलंच प्रदर्शन असेल तर आमचं मत छापचित्रांना, म्हणजे ठशावरून हाताने छापलेल्या चित्रांना. लिनोकट (लिनोलियमवर कोरलेला ठसा), काष्ठछाप (लाकडावर कोरलेला), एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेला), काहीही असो, 16 बाय 20 इंचांच्या एकसारख्या फ्रेममध्ये 7 इंच अंतराने 20 उभी चित्रं त्याच भिंतीवर बसतात आणि ओळ सरळ राहते. एका ठशाच्या 15 प्रती असतील तर किंमत खाली ठेवता येते. जलरंगाकडे नुसतं बघून जाणारा शिक्षक किंवा विद्यार्थी इथे एखादं घरी नेऊ शकतो. छोट्या दालनाला हा गिऱ्हाईक फार मोलाचा.

घेताना मात्र प्रत्येक प्रत तपासावी. खाली डावीकडे शिसपेन्सिलीने 4/15 असा आकडा, उजवीकडे सही. एचिंगमध्ये पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर बोटाला लागतो. फ्रेमवाले सवयीने माउंटची खिडकी प्रतिमेच्या कडेलाच कापतात, मग दाबाची रेघ आणि आकडा दोन्ही झाकले जातात. प्रतिमेभोवती अर्धा इंच आणि खाली त्याहून थोडी जास्त जागा सोडायला लेखी सांगावं. कॉम्प्युटरवरून छापलेल्या प्रती यात मिसळू नयेत. ठेवल्याच तर लेबलवर स्पष्ट लिहावं. तेलाच्या शाईच्या ताज्या प्रती वाळायला आठवडा तरी लागतो, दमट हवेत त्याहून जास्त. शाई ओली असताना फ्रेम करू नये.

व्हिडिओला भिंत एकच लागते, अंधार मात्र पूर्ण. 7 फूट रुंद चित्रासाठी चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागणारा प्रोजेक्टर साडेदहा फूट मागे जातो. तो छताला टांगावा, टेबलावर ठेवला की येणाऱ्या प्रत्येकाची सावली पडद्यावर. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज अचानक गेली तर पंखा बंद पडून दिवा तापतो, म्हणून यूपीएस हवाच. दिवसभर कुणीतरी हजर लागतं आणि विक्री जवळपास नाही.

महिन्यांचं म्हणाल तर व्हिडिओ जूनमध्ये, कारण कागद भिजायचा प्रश्न नाही. छापचित्रं दसऱ्यानंतर. जलरंग डिसेंबर ते फेब्रुवारी, कोरड्या हवेत. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत उद्घाटन ठेवू नये: 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने महामार्गच बंद झाला होता, आणि बाहेरगावाहून येणारी चित्रं अशा वेळी वाटेतच अडकतात.